सावली पुसणारे काका

आमच्या काकांना, म्हणजे माझ्या मावशीच्या यजमानांना, सावली खपत नसे. उन्हातली नव्हे, चेहऱ्यावरची. घराखालीच, रस्त्याला लागून त्यांचं अरुंद फोटोचं दुकान होतं. मागे पांढरा पडदा, पुढे एक गोल स्टूल आणि स्टुलाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या छत्र्या लावलेले दोन दिवे, सारख्याच उंचीवर आणि सारख्याच अंतरावर. ओळखपत्राच्या फोटोत कानामागे सावली दिसली की फोटो परत येतो, हे खरंच आहे. पण काकांनी त्या नियमाचा पार धर्म करून टाकला होता. नाकाखाली, हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत कुठे काळं दिसलं की ते आधी दिव्याला दोष देत, मग गिऱ्हाइकाला, आणि तरीही उरलंच तर संगणकापुढे बसून पुसून टाकत.

एकदा पुसायला बसले की हात सावलीपाशी थांबत नसे. तीळ जात, मुरमं जात, कांजिण्यांचे खड्डे बुजत, एकीकडे झुकलेली मान सरळ होई. कुणी सांगितलेलं नसे आणि काकांनी विचारलेलंही नसे. दुकानाच्या काचेआड लावलेले फोटो पाहिले तर आमचं गाव म्हणजे सुंदर माणसांची वसाहत वाटे. माझ्या डाव्या भुवईवर जिन्यावरून पडल्याची खूण आहे, भुवई तिथे तुटली आहे. काकांनी काढलेल्या माझ्या एकाही फोटोत ती तुटलेली नाही. एका गृहस्थांना तर एका कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं होतं की धाकट्या भावाचा फोटो चालणार नाही, स्वतःचा आणा. ते तडक दुकानात आले. आम्हाला वाटलं, आता भांडण. त्यांनी त्याच फोटोच्या आणखी प्रती मागितल्या.

मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. आई गेल्यापासून माझं जेवण मावशीकडेच, त्यामुळे पुढे जे घडलं ते मी ताटावर बसून पाहिलं आहे.

एका सकाळी चूळ भरताना काकांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आपोआप गळायला लागलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा झोपलेला आणि अर्धा जागा. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेकांचं आपोआप बरं होतं. काका त्या बहुतेकांत बसले नाहीत. थोडंफार सुधारलं, पण तोंड उजवीकडे ओढलेलं राहिलं आणि डावा डोळा पुरता मिटेनासा झाला. जन्मभर लोकांची तोंडं सरळ करून देणाऱ्या माणसाचं स्वतःचं तोंड वाकडं झालं होतं, आणि ते पुसायला कुठलाच ब्रश नव्हता.

दुकानात निभावून जाई, कारण कॅमेऱ्यामागे माणूस झाकलेला असतो. घरात मात्र त्यांनी आमच्यापासूनही तोंड चोरायला सुरुवात केली. जेवणाचं टेबल भिंतीला टेकवलेलं होतं. पूर्वी ते मावशीच्या समोर बसत. दुखण्यानंतर त्यांनी खुर्ची उचलली आणि टेबलाच्या टोकाला, डावा गाल भिंतीकडे राहील अशी ठेवली. तेव्हापासून आमच्या वाट्याला त्यांची फक्त उजवी बाजू आली. मावशी वाढताना कधी मुद्दाम भिंतीच्या बाजूनं गेली तर ते रुमाल तोंडाला लावत. ती वाढून परत फिरे. मला फार राग यायचा, कारण आजारी माणूस लपला की त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्यांना लपावं लागतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता मावशीबद्दल. ती शाळेत चित्रकला शिकवायची. नोकरी संपल्यावर घराच्या मागच्या खोलीत तिनं माती आणून टाकली आणि पक्षी, कुत्री, बसलेल्या बायका असं लहानसहान करू लागली. काकांच्या दुखण्यानंतर ती डोक्यांकडे वळली. माणसाच्या खऱ्या डोक्याच्या दीडपट मोठी डोकी. मातीचं डोकं भरीव ठेवलं तर भट्टीत फुटतं. म्हणून ती टाळूचा भाग तारेनं झाकणासारखा कापून काढायची, आतली माती कोरून बोटभर जाडीची भिंत ठेवायची आणि पातळ चिखल लावून झाकण परत बसवायची. मग ओल्या फडक्यात गुंडाळून सावकाश वाळवायची आणि कौलांच्या कारखान्यातल्या भट्टीत भाजून आणायची. खोलीत शिरलं की फळीवर एका रांगेत ही गुंडाळलेली डोकी, दवाखान्यातल्या पेशंटसारखी.

सगळी डोकी झोपलेली होती आणि सगळ्यांचं तोंड उजवीकडे ओढलेलं होतं. सगळ्यांचा डावा डोळा किंचित उघडा, पापणीखाली बारीक फट.

काका दुपारी दुकान बंद करून घटकाभर आडवे होत. झोपेत माणूस तोंड लपवत नाही. मावशी मातीचा गोळा घेऊन पलंगाशेजारी बसे आणि ते जागे व्हायच्या आत उठून जाई. नवऱ्याचा चेहरा बघायला तिला एवढाच वेळ मिळत होता. ही डोकी कुणाची आहेत हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि सगळे मूग गिळून होते. काका त्या खोलीत पाऊल टाकत नसत. धुळीनं शिंका येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. शिंका आम्ही कधी ऐकल्या नाहीत.

मावशीच्या अंगठ्याचे सांधे धरायला लागले तसं डॉक्टरांनी माती मळणं कमी करायला सांगितलं. म्हणजे हळूहळू बंद करा. त्याच सुमारास मोठ्या शहरातल्या एका कलादालनानं नव्या शिल्पकारांकडून अर्ज मागवले. आधी फोटो पाठवायचे, ते निवड समिती पाहणार, पसंत पडले तर प्रदर्शन. मावशी जेवताना म्हणाली, "मी पाठवणार आहे. आता नाही तर कधीच नाही." तिच्या तोंडून स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग तिनं हळूच पुढचं सांगितलं. शिल्पांचे फोटो काढणारा एक माणूस तिच्या माहितीत होता, त्याला बोलवावं असं तिच्या मनात होतं.

"बाहेरचा माणूस?" काका भिंतीकडे बघत म्हणाले. "पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगीच नाही."

"अहो, तुम्ही माणसांचे फोटो काढता."

"मग ही काय भोपळ्यांची डोकी आहेत?"

"तुम्ही सावली घालवता," मावशी म्हणाली. "रंगीत चित्राला एक वेळ चालेल. मातीला रंग कुठला? खोलगट काय आणि उंच काय ते सावलीच सांगते. तीच गेली तर उरलं काय?"

काकांनी ताट बाजूला सारलं. "घरात फोटोग्राफर असताना बायकोनं दुसरा बोलावला, हे गावाला कळू दे. मग मी दुकानाला कुलूपच लावतो."

मावशी नमली. मला ते मुळीच आवडलं नाही, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कुणाकडे तक्रार करणार? काका म्हणाले, "सावलीचं मी बघतो." तसं त्यांनी बघितलं, हे खरं.

डोकी मावशीनं रजईत गुंडाळून दिली आणि मी आणि काका ती एकेक करत दुकानात घेऊन गेलो. काकांनी पहिलं डोकं स्टुलावर ठेवलं, रजई काढली आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत असलेली वस्तू ते पहिल्यांदा बघत होते. मग त्यांनी दोन्ही दिवे लावले, नेहमीच्याच जागी. कॅमेऱ्यात डोळा घालून सवयीनं म्हणाले, "हनुवटी जरा खाली." मला हसू आलं. ते हसले नाहीत. मला म्हणाले, "ठकू, तू जा आता. मला एकट्याला काम करू दे."

पुढचे काही दिवस दुकानाचं दार अर्धं ओढलेलं असे. मी चहा घेऊन गेले की संगणकापुढे त्यांची पाठ दिसे आणि चाहूल लागताच समोरचं चित्र बदललं जाई. गिऱ्हाईक आलं तर "उद्या या." मावशीला वाटलं, मनावर घेतलंय. ती खूश होती. फोटो आधी दाखवा म्हणून तिनं दोनदा विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "पाठवलेसुद्धा. छान आलेत. तुझा माझ्यावर विश्वास नाही का?" या प्रश्नाला संसारात एकच उत्तर असतं. तिनं ते दिलं.

दालनाकडून उत्तर आलं. फोटो समितीला आवडले होते. दालनाच्या बाई स्वतः काम बघायला येणार होत्या, आणि ते झालं की तारीख ठरणार होती. त्या दिवशी मावशी विनाकारण हसत होती. तिनं मागची खोली धुऊन काढली, फळीवर पांढरा कागद अंथरला, एकेक डोकं मऊ ब्रशनं झाडून पुन्हा मांडलं. मला म्हणाली, "लोक थांबून बघतील का गं? की पुढे जातील?" मी म्हटलं, थांबतील. काका दुकानातून वर आलेच नाहीत. त्यांना आनंद झाल्यासारखा दिसत नव्हता, आणि मी मनात म्हटलं, बायकोचं चांगलं झालेलं बघवत नाही.

बाई आल्या. उंच, शांत, चष्मा कपाळावर चढवलेला. चहा नको म्हणाल्या, आधी काम पाहू. मागच्या खोलीत जाऊन त्या पहिल्या डोक्यापुढे उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या, तिसऱ्या. रांगेच्या टोकाला जाऊन परत आल्या आणि मावशीला म्हणाल्या, "बाकीची कुठे आहेत?"

"एवढीच आहेत," मावशी म्हणाली.

"नाही, म्हणजे तुम्ही फोटो पाठवले होते ती."

त्यांनी पिशवीतून टॅब काढून फोटो समोर धरले. मावशीनं तेव्हा ते पहिल्यांदा पाहिले, आणि तिच्या खांद्यावरून मी. डोकी तीच होती. पण प्रत्येकाचं तोंड सरळ होतं. दोन्ही डोळे व्यवस्थित मिटलेले होते. गालावरचे बोटांचे ठसे गेले होते, कपाळ साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं होतं, आणि सावली औषधालाही नव्हती. शांत झोपलेला एक देखणा माणूस, पुन्हा पुन्हा.

"फोटोतली डोकी झोपली आहेत," बाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, फक्त जपून बोलत होत्या. "ही तर जागी आहेत. ही वेगळीच आहेत."

मावशी म्हणाली, "फोटोतली माझी नाहीत." आणि तिचा चेहरा इतका उतरला की मला तिच्याकडे बघवेना.

काका दारात येऊन उभे होते. कधी आले कुणाला कळलं नाही. रुमाल तोंडाला लावलेला. मावशीनं वळून विचारलं, "हे काय केलंत?"

"दुरुस्त केलं," काका रुमालातूनच म्हणाले. "लोकांपुढे जायचं होतं. कुरूप दिसत होतं."

"काय कुरूप दिसत होतं?"

काकांनी रुमाल आणखी घट्ट दाबला.

"बोला ना. काय कुरूप दिसत होतं? माझं काम?"

"तोंड," काका म्हणाले. "माझं तोंड. सगळ्या शहरानं ते वळून वळून बघायचं? पाय मोडला असता तर मोडक्या पायाचं प्रदर्शन मांडलं असतंस?"

घरात इतकी वर्षं कुणी न उच्चारलेली गोष्ट परक्या बाईसमोर बाहेर पडली. बाई संकोचून खिडकीकडे बघू लागल्या. मग त्यांनी टॅब पिशवीत ठेवला आणि मावशीला म्हणाल्या, "समितीनं ही डोकी पाहिलेलीच नाहीत. जी पाहिली ती अस्तित्वात नाहीत. मला वरती खरं काय ते सांगावं लागेल. तुम्ही नव्यानं फोटो पाठवा, आहे तसे. आठवड्याच्या आत. आणि एक फोटो आकार कळेल असा हवा. डोक्याशेजारी माणूस बसलेला. निवडतील की नाही, मी आज सांगू शकत नाही."

त्या गेल्यावर मी म्हटलं, आता तरी तो बाहेरचा माणूस बोलवू. मावशी म्हणाली, "नाही. ज्यांनी पुसलं त्यांनीच परत आणायचं." काकांनी ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आठवडा सरत चालला होता. मावशी त्यांच्या मागे लागली नाही, रडली नाही, स्वयंपाक नेहमीसारखा केला. फक्त डोक्यांवर तिनं परत फडकी टाकली.

मग एका सकाळी काका मागच्या खोलीत आले. एका हातात कॅमेऱ्याची तिवई, दुसऱ्या हातात दिवा. एकच दिवा. छत्रीही नव्हती. मला म्हणाले, "ठकू, खिडकीला जाड चादर लाव आणि एक पांढरा पुठ्ठा आण." मावशी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली. पहिल्या डोक्यावरचं फडकं त्यांनी स्वतः काढलं.

दिवा त्यांनी आधी समोर ठेवला. सवय कुठे जाते? डोकं पोळीसारखं चपटं दिसलं. मग ते दिवा एका बाजूला सरकवू लागले, एकेक पाऊल, आणि दर पावलाला चेहरा बदलत गेला. नाकाची सावली गालावर आली. ओढलेल्या ओठाच्या कोपऱ्यात काळोख भरला. पापणीखालच्या फटीत दिव्याचा बारीक ठिपका चमकला आणि तो डोळा खरोखरच बघायला लागला. काकांचा हात तिथे थांबला. मला वाटलं, आता दिवा विझवतील आणि निघून जातील. त्यांनी पुठ्ठा दुसऱ्या बाजूला धरायला सांगितला, काळोख अगदीच मिट्ट होऊ नये म्हणून, आणि कॅमेरा त्या डोळ्याच्या उंचीला आणला.

एका डोक्याचा बाजूनं फोटो घेताना ते थबकले. "कानामागे ही मातीची गुठळी राहिली आहे. मागच्या वेळी मी पुसली होती."

"ती गुठळी नाही," मावशी म्हणाली. "तीळ आहे. तुमचा."

काकांनी स्वतःच्या कानामागे बोट फिरवलं. साठी ओलांडेपर्यंत त्यांना तो तीळ ठाऊक नव्हता. असा कुठे आरसा असतो? त्या तिळावरून त्यांचं बोट बराच वेळ हटेना.

शेवटी आकार दाखवणारा फोटो राहिला. काका म्हणाले, "ठकू, बस तू शेजारी." मी बसायला निघाले, तेवढ्यात मावशी म्हणाली, "ती नाही. तुम्ही बसा."

"मी फोटो काढतोय."

"बटण ती दाबेल. सगळं तुम्ही लावून दिलं आहे."

"उगाच हट्ट करू नकोस."

मावशी उठली. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "हट्ट? दुखणं तुम्हाला झालं, आणि नवरा माझा गेला. समोरासमोर बसून जेवायचं गेलं. बोलताना तोंडाकडे बघायचं गेलं. मी तुम्हाला चोरून बघते, दुपारी, तुम्ही झोपल्यावर. स्वतःच्या नवऱ्याला. आणि वर तुम्ही म्हणता कुरूप आहे. मला ते तोंड कधी कुरूप वाटलं नाही. वाटलं असतं तर मी तेच तेच पुन्हा का केलं असतं?"

मी उगाच तिवईचा स्क्रू घट्ट केला. काका जाऊन स्टुलावर बसले, डोक्याच्या शेजारी. बसताना उजवी बाजू पुढे आली, आपोआप. मी कॅमेऱ्यातून बघत होते आणि काय करावं ते मला कळत नव्हतं. मावशी जागची हलली नाही. थोड्या वेळानं काकांनीच मान फिरवली, सावकाश, डावा गाल दिव्याकडे येईपर्यंत. रुमाल मुठीत होता. मातीचा चेहरा आणि त्यांचा चेहरा एकाच दिव्यात, एकाच बाजूला वाकलेले. फरक एवढाच की त्यांचा डावा डोळा भरून आला होता. दुखण्यानंतर तो तसाही गळायचा, त्यामुळे खात्रीनं काही सांगता येणार नाही. मी बटण दाबलं.

फोटो त्याच दिवशी गेले. या वेळी मावशीनं एकेक पाहिला. काकांनी संगणकावर माउसला हात लावला नाही, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते.

दालनाचं उत्तर चार ओळींचं होतं. नवे फोटो प्रभावी आहेत, असं त्यात होतं. पण आधी पाठवलेली छायाचित्रं खरी नव्हती, आणि निवड केवळ छायाचित्रांवर होत असल्यामुळे समितीला या अर्जावर विश्वास ठेवता येत नाही. जागा दुसऱ्या शिल्पकाराला देण्यात आली होती.

मला वाटत होतं, एवढं सगळं झाल्यावर ते लोक विरघळतील. कुणाला काय पडलं होतं विरघळायचं? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि म्हणूनच जास्त चडफडले. मावशीनं उत्तर दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि ओटा पुसायला घेतला. पुसलेलाच ओटा.

"माझ्यामुळे झालं," काका म्हणाले.

"हो," मावशी म्हणाली. "तुमच्यामुळे."

जाऊ दे, असं ती म्हणाली नाही. ती म्हणेल अशी काकांनी वाट पाहिली, मी बघत होते. मग ते उठून दुकानात गेले.

याला आता बरेच दिवस झाले. मावशीचा अंगठा जास्तच धरला आहे. मोठं डोकं आता तिच्यानं होईल असं वाटत नाही. दुसरीकडे कुठे अर्ज कर, असं मी सुचवलं, तर म्हणाली, बघू. ती डोकी मागच्या खोलीतच आहेत, फळीवर, फक्त त्यांच्यावर फडकी नसतात.

परवा मला ओळखपत्राला फोटो हवा होता म्हणून दुकानात गेले. दोन्ही दिवे होते तसेच होते, नियम तो नियम. फोटो काढून झाल्यावर काका संगणकापुढे बसले आणि मला जवळ बोलावून त्यांनी माझ्या भुवईवर बोट ठेवलं.

"ही खूण. ठेवू की काढू?"

जन्मात त्यांनी हा प्रश्न मला विचारला नव्हता. "सगळ्यांनाच विचारता?" मी म्हटलं.

"विचारतो. बहुतेक सगळे काढाच म्हणतात." ते माझ्याकडे वळून बोलत होते, पूर्ण तोंडानं, 'प' आणि 'ब' ओठांतून थोडे निसटत होते. "एखादा म्हणतो, ठेवा."

"ठेवा," मी म्हटलं.

त्या रात्रीच्या जेवणाला बसले तर टेबल जागेवर नव्हतं. भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलेलं होतं, आणि काकांची खुर्ची मावशीच्या समोर होती. फरशीवर टेबलाच्या पायांचे जुने डाग तसेच दिसत होते, आणि ओढल्याचे नवे ओरखडेही. म्हणजे काही दिवसांपूर्वीच हलवलं असणार, मीच मधला आठवडा बाहेरगावी होते. काका हात धुवायला गेले तेव्हा मी मावशीला विचारलं, "म्हणजे माफ केलंस?"

मावशीनं भाताचं भांडं टेबलावर ठेवलं. "माझं प्रदर्शन गेलं, ठकू. ते काही परत येणार नाही, आणि ते मी विसरणारही नाही. माफीबिफी तुझं तू बघ." तिनं काकांचं ताट स्वतःच्या ताटासमोर सरळ केलं. "पण मला आता दुपारची वाट बघावी लागत नाही."